हलकी ड्यूटी

“कूलर काटून टाक! नको म्हटलं ना एकदा कूलर!”

मामाजी फोनवर इतक्या जोरात बोलले, की आईंची पोळी तव्यावरच राहिली. चंद्रपूरचा एप्रिल, सकाळी नवालाच भिंतीला हात लावावा तर चटका बसतो, घरात आठ महिन्यांचं लेकरू, आणि घरातला मोठा माणूस कुणाला तरी कूलर काढून टाकायला सांगतोय.

“काऊन हो?” आई हातातलं कालथं घेऊनच बाहेर आल्या. “काय केलं तुमचं त्या कूलरनं? पोरीची पाठ पाहा जरा, घामोळ्यांनी लाल झाली. अन् तुम्ही कूलर काढता?”

“हा नाही वं,” मामाजींनी फोनवर हात ठेवला. “कंप्युटरचा कूलर. एक त्याच्यासंगंच येते फुकट. तो पोट्टा वरतून दुसरा विकून राहिला मले.”

“कंप्युटरले बी कूलर लागते?”

“लागते.”

“पाणी कोण भरन त्याच्यात? मी नाही भरणार, सांगून ठेवते. माझे गुडघे आहेत, बापा.”

माझा नवरा हर्षल बुटाच्या नाड्या बांधता बांधता हसत सुटला. “आई, त्यात पाणी नसतं.”

“पाण्याचेही मिळतात,” मी म्हटलं, “पण ते महाग असतात.”

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो विकायला बसले होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे, बळीराम धोटे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. आई म्हणजे सासूबाई, वच्छला. सारी नोकरी त्यांनी उघड्या कोळसा खाणीत डंपर चालवण्यात काढली. घराएवढा उंच डंपर, ज्याच्या चाकाशी उभं राहून काढलेल्या फोटोत ते एखाद्या शाळकरी मुलाएवढे दिसतात. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. जुई झाली तेव्हा संध्याकाळी तेच तिला अंगणात फिरवायचे, तिच्या कानाशी डंपरचा आवाज काढायचे, आणि ती त्या घरघरीनं झोपायची. मग दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता, डॉक्टर म्हणाले. चालणं सावरलं, बोलणं सावरलं. डाव्या हातात थोडं राहिलं.

आणि दिवाळीपासून त्यांनी जुईला एकदाही घेतलं नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण माझं लक्ष होतं. माझं सगळ्यावरच लक्ष असायचं तेव्हा. जुई झोपली तरी मी उठून तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. दाराची कडी, गॅसचं बटन, पाण्याची बादली, सारखी फेऱ्या मारत राहायची. त्यात माझी रजा संपत आली होती. पॉलिटेक्निकच्या कंप्युटर लॅबमध्ये मी असिस्टंट होते. येत्या सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर दुसरी मुलगी ठेवतो असा निरोप आलेला. आईंचे गुडघे असे, की जुईला उचलून ठेवतील, भरवतील, पण दिवसभर तिच्यापाशी खाली बसणं-उठणं त्यांना जमत नव्हतं. दुसरं कुणीतरी घरात हवं होतं. ते दुसरं कुणीतरी गेमिंग कंप्युटर बनवायला निघालं होतं.

“बाबा, हे वय आहे का गेम खेळायचं?” हर्षलनं एकदा विचारलं होतं.

“तुले पैसे मागितले का? मी ठरवला तेवढ्यातच बसवीन. वर एक रुपया नाही.”

“मग लॅपटॉप घ्या साधा.”

“साध्यावर माझा डंपर नाही चालत.”

हर्षलची सिमेंट कारखान्यात शिफ्ट असायची. निघताना तो मला म्हणाला, “तू जा त्यांच्यासोबत दुकानात. तुझीच लाइन आहे.”

माझी लाइन! लॅबमधल्या एकाही कंप्युटरचा कॅबिनेट मी कधी उघडला नव्हता. सीलबंद असायचे सगळे. मी फक्त सुरू करायची, बंद करायची आणि मुलांच्या सह्या घ्यायची. पण घरात बसून जुईचा श्वास मोजण्यापेक्षा ते बरं, म्हणून गेले.

संजू जयस्वालचं दुकान बाजारात पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यातच गरम हवेचा लोट अंगावर आला. संजू वयानं माझ्याएवढाच, केसांना जेल, बोलणं अर्धं हिंदी.

“अंकल, बजेट में तो बजेट जैसाच बनेगा,” तो म्हणाला. “ग्राफिक्स कार्ड नया लोगे तो बाकी सब उडेगा.”

“कार्ड जुनं दे. चालू पाहिजे फक्त.”

“कॅबिनेट ये वाला लो ना, काच का है. अंदर लाइट जलता है, सात रंग.”

“मले काय त्याच्यात मासे पाळायचे आहेत? पत्र्याचा दे.”

मी हसले. मामाजीही हसले असावेत, मिशी हलली. मग ते एकेक गोष्ट काटत गेले. रॅम कमी, डब्बा साधा, नवा पडदा नको, घरचा टीव्ही चालेल. मला वाटलं, चला, निदान उधळपट्टी तरी नाही. तेवढ्यात ते म्हणाले, “आता स्टिअरिंग दाखव.”

संजूनं एक प्लास्टिकचं चाक काढून काउंटरवर बसवलं. मामाजींनी उजवा हात बाजूला ठेवला आणि डाव्यानं ते फिरवलं. गर्रकन फिरलं.

“हे खेळणं झालं. हे ओढत नाही.”

“मतलब?”

“गाडी चाक ओढते बाबू. गड्ड्यात गेली का हातातून हिसकते. तसं पाहिजे.”

“वो मोटरवाला आता है अंकल. बहुत महंगा पडेगा. एक पुराना है, नागपूर के एक लडके का...”

ते आलं. वरचं चामडं झिजलेलं, जड. वायर लावून संजूनं सुरू केलं तसं चाक आपोआप डावीकडे, उजवीकडे वळून मधोमध येऊन थांबलं. मामाजींनी डावा हात त्यावर ठेवला. संजूनं कीबोर्डवर काहीतरी दाबलं. चाकानं हिसका दिला आणि मामाजींचा हात घसरून काउंटरवर आपटला.

मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यांनी पाहिलं. हात पँटच्या खिशात गेला.

“हे दे,” ते म्हणाले.

त्याची किंमत ऐकून मी मध्ये पडले. “मामाजी, कार्डाएवढी किंमत आहे याची! एवढ्यात चांगला पडदा येईल, रॅम येईल...”

“बाकी काटता येते, बाई. हे नाही.”

परत येताना ऑटोत खोकी मांडीवर घेऊन आम्ही बसलो होतो. गरम वाऱ्यानं ओढणी तोंडावर येत होती. मी मनाचा हिय्या केला.

“मामाजी, सोमवारपासून माझं कॉलेज...”

“माहीत आहे.”

“जुईचं काय करायचं, ते ठरवायला हवं.”

“सोमवारले टाइम आहे अजून,” ते म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये चादर अंथरून आम्ही कंप्युटर जोडायला बसलो. कूलर चालू होता. वाळ्याचा वास येत होता. आईंनी जुईला पलीकडे गादीवर बसवलं होतं.

“तुमच्या त्या सामानावर पाणी उडन,” आई म्हणाल्या. “मग म्हणान बुढीनं बिघडवलं.”

“तोंड फिरव त्याचं थोडं.”

“म्हणजे पोरीची हवा जाईन.”

“मग राहू दे.”

मी मोबाइलवर बघून एकेक पायरी सांगत होते. आधी खिडकीच्या गजाला हात लावा, अंगातली वीज जाऊ द्या, मग मदरबोर्डला हात. मामाजी प्रत्येक वेळी मुकाट्यानं उठून गजाला हात लावून येत. स्क्रू उजव्या हातानं घट्ट फिरवत. सगळं सुरळीत चाललं होतं, त्या छोट्या कूलरपर्यंत. प्रोसेसरवर बसणारा तो पंखा. चार कोपऱ्यांना चार खुंट्या, समोरासमोरच्या दोन एकाच वेळी दाबायच्या, कट्ट आवाज येईपर्यंत. एका हातानं होत नाही.

उजवीकडची खुंटी बसली. डावीकडची नाही. मामाजींचा अंगठा पांढरा पडला, थरथरू लागला. मी हात पुढे केला.

“थांब,” ते म्हणाले.

मी थांबले. त्यांनी पुन्हा दाबलं. कपाळावरचा घाम मदरबोर्डवर पडेल म्हणून मी पदरानं... पदर कुठला, ओढणीनं टिपला. मग न विचारता त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि जोर दिला. कट्ट.

पलीकडून आई म्हणाल्या, “एवढासा कूलर, अन् त्याच्यासाठी दोन माणसं?”

संध्याकाळी टीव्हीवर खाण उघडली. पायऱ्यापायऱ्यांची, काळी, खोल. रिकामा डंपर वरून उतारानं खाली तळाशी न्यायचा, असा तो खेळ. मामाजी स्टिअरिंगपुढे ताठ बसले, जणू अंगावर गणवेश होता. डंपर निघाला, दोन वळणं गेला, तिसऱ्यावर चाकानं हिसका दिला, डावा हात सुटला आणि डंपर कडेचा मातीचा बांध फोडून खाली गेला.

पुन्हा. पुन्हा खाली.

मग रोज तेच. सकाळचा चहा झाला की घर्रर्र सुरू. आई म्हणायच्या, “रिटायर होऊन बी खाणीतून घरी नाही आले हे.” मी जुईला कडेवर घेऊन मागं उभी राहायची. जुईला तो आवाज ओळखीचा. ती हात पसरून त्यांच्याकडे झेपावायची. ते खुर्ची थोडी पुढे सरकवायचे. मागे वळायचेही नाहीत.

शुक्रवारी सकाळी आई बाथरूममध्ये होत्या. जुई कडेवर रडत होती, गॅसवर दूध चढलं होतं. मी धावत हॉलमध्ये गेले.

“मामाजी, एक मिनिट धरा हिला, दूध उतू चाललंय.”

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, घेतात. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ओरडले, “वच्छला! ए वच्छला! पोरीले घे!”

दूध उतू गेलं. शेगडीवर जळल्याचा वास घरभर पसरला. मी जुईला घट्ट धरून ओट्यापाशी उभी होते, आणि डोळ्यांपुढे एकच, माणूस विंचवापासून हात आखडतो तसे त्यांचे मागं गेलेले हात.

रात्रपाळीहून आलेल्या हर्षलला मी जेवू दिलं आणि मग म्हटलं, “मी कॉलेजजवळच्या पाळणाघरात नाव घालून येते आज.”

“कशाला? बाबा आहेत ना घरी.”

“ते तिला हात लावत नाहीत.”

“काहीतरीच.”

“सहा महिने झाले, हर्षल. तू घरात असतोस का बघायला? मुलगी म्हणून असेल, आजारामुळे असेल, मला माहीत नाही. पण लावत नाहीत.”

“मुलगी म्हणून? बाबा?” त्याचा चेहरा पडला. “तसे नाहीत ते. विचार त्यांना.”

“तू विचार. तुझे वडील आहेत.”

त्यानं विचारलं नाही. मी पाळणाघरात गेले. एका खोलीत खूप मुलं आणि एकच बाई, टीव्हीवर कार्टून लावलेलं. कोपऱ्यात एक बाळ रडून रडून उचकी देत होतं आणि बाई मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होती. मी नाव घातलं. घरी आले आणि जुईचे कपडे, बाटल्या, एक ओळखीचा पांघरायचा तुकडा, सगळं एका पिशवीत भरून पिशवी दारामागं टांगली. येता जाता ती पिशवी दिसायची. मामाजींनाही दिसत असणार.

रविवारी सकाळी देवतळे काका आले. खाणीच्या ट्रेनिंग सेंटरात ते इन्स्ट्रक्टर होते, मामाजींचे जुने सोबती. एरवी आले की आधी आईंना हाक, मग चिवडा, मग मोठमोठ्यानं गप्पा. त्या दिवशी मी पाणी दिलं तर म्हणाले, “थांब पोरी. पयले काम.”

स्टूल ओढून ते मामाजींच्या डाव्या बाजूला बसले. मामाजींनी हात धुतले होते, नवा शर्ट घातला होता. डंपर सुरू झाला. मी जुईला घेऊन दारात उभी राहिले. माझी जायची इच्छा होईना, थांबायचीही.

देवतळे काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते फक्त मामाजींच्या डाव्या हाताकडे बघत होते.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर चाक हिसकलं, हात राहिला. आईसुद्धा कणीक मळायची सोडून आल्या.

“आता उजवा काढ,” काका म्हणाले.

मामाजींनी उजवा हात मांडीवर ठेवला. डंपर एकट्या डाव्यावर उतरू लागला. मनगट थरथरत होतं, मानेची शीर वर आली होती. तळाशी पोहोचायला शेवटचं एक वळण उरलं होतं. चाकानं ओढ घेतली. बोटं एकेक करून सुटली. डंपर बांध फोडून खाली गेला.

कूलरचा आवाज तेवढा राहिला.

“अनफिट,” काका हळूच म्हणाले.

मामाजींनी मान हलवली.

“आणखी एकदा घेऊन पाहा, बळीराम. इतक्या जवळ आला होतास.”

“काऊन? खाणीत आणखी एकदा भेटते का?” मामाजींनी चाकाचं बटन बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, तुझं ते पाळणाघर... चांगलं आहे ना?”

मी काकांकडे वळले. “ही कसली परीक्षा, काका?”

देवतळे काकांनी मामाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुले सांगितलं नाही यानं? आमच्याकडे बिमारीतून उठलेल्या ऑपरेटरले पयले अशाच खोट्या गाडीवर, सिम्युलेटरवर बसवतो. फिट म्हटल्याशिवाय मशीन देत नाही. मी म्हटलं याले, अरे, नातीले घ्यायले कोणती फिटनेस लागते? तर मलेच म्हणते, शंभर टनाची गाडी द्यायच्या आधी तुम्ही मले दहा वेळा पाहत होते, अन् पोरगी तशीच देता?”

आईंनी कणकेचा हात कपाळाला लावला. “अन् मी सहा महिने म्हणून राहिली, बुढा बिघडला म्हणून.”

“चहाचा कप सुटला होता हातातून,” मामाजी भिंतीकडे बघत म्हणाले. “दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मले कळलंच नाही सुटला म्हणून. खाली पडल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. कप होता म्हणून...”

जुई माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावत होती, नेहमीसारखी, दोन्ही हात पसरून. दारामागं पिशवी टांगलेली होती.

“काका,” मी विचारलं, “अनफिट माणसाला तुम्ही घरी पाठवत होता?”

“घरी कसा पाठवीन? हलकी ड्यूटी देत होतो.”

“म्हणजे?”

“बसून करायचं काम. स्टोअरमध्ये, पंपावर. गाडी नाही, उचलणं नाही.”

“मग ती द्या ना.”

काकांनी घसा साफ केला आणि खरोखर साहेबासारखे ताठ झाले. “बळीराम धोटे. हलकी ड्यूटी. खाली गादीवर बसून. घेऊन उठायचं नाही. पोरगी उजव्या बाजूनं राहीन. मंजूर?”

मामाजी खुर्चीतून उठले, गादीवर मांडी घालून बसले, पाठ भिंतीला टेकवली, मांडीवर उशी घेतली. खिडकीच्या गजाला हात लावला. का लावला, कुणास ठाऊक. आठवडाभराची सवय.

“मंजूर,” ते म्हणाले.

मी जुईला त्यांच्या उजव्या कुशीत ठेवलं. माझे हात लगेच सुटेनात. सुटले. त्यांनी उजवा हात तिच्याभोवती घातला. डावा हात गादीवर निपचित पडलेला होता. जुईनं तो शोधून काढला, त्याचा अंगठा मुठीत पकडला आणि सगळी ताकद लावून स्वतःकडे खेचला.

मामाजींची मिशी हलली.

“हे ओढते,” ते म्हणाले. “हिची मोटर चांगली आहे.”

सोमवारी मी निघाले तेव्हा पिशवी दारामागंच होती. पहिल्या तासाला मी लॅबमधून फोन केला. आईंनी उचलला. मागून घर्रर्र ऐकू येत होतं. मला वाटलं, कंप्युटर चालू आहे.

“कंप्युटर नाही,” आई म्हणाल्या. “बुढा तोंडानं काढून राहिला. झोपली ती.”

जुई आता पाचवीत आहे. कार्ड मध्यंतरी जळालं, संजूनं दुसरं जुनंच बसवून दिलं. चाक तेच आहे, चामडं आणखी झिजलं. देवतळे काका गेले, त्याला दोन वर्षं झाली. रविवारी सकाळी जुई स्टूल ओढून मामाजींच्या डाव्या बाजूला बसते. पडद्याकडे बघत नाही.

“आबा, आता उजवा काढा.”

डंपर उतरतो. परवा शेवटच्या वळणापर्यंत आला आणि बांध फोडून गेला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. जुई आता माझ्या खांद्याला लागते. तिला उचलून घ्यायचं कुणाच्याच मनात येत नाही, माझ्याही नाही.

“अनफिट,” ती गंभीरपणे म्हणाली. “अजून नाही, आबा.”

“बरं,” मामाजी म्हणाले आणि चाकाचं बटन बंद करून गादीवर, तिच्यासाठी उजवीकडे जागा सोडून, बसले.